सुरी काचेत, मावशी खुर्चीत

जिवंत माणसाच्या हातातली वस्तू काढून घ्यायची, ती त्याचीच आठवण म्हणून काचेच्या पेटीत ठेवायची, आणि पाहुणे आले की त्या माणसाला पेटीखाली बसवून दोन्ही दाखवायचं, असला उद्योग दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही. सीटवाल्या मावशींच्या चिरंजीवांनी तो केला. आणि वर म्हणायचे, "आईसाठी एवढं करणारी मुलं हल्ली राहिलीत कुठं!"

खरंच राहिली नाहीत. नशीब त्या बाकीच्या आयांचं.

मावशी तरुणपणी फौजेत होत्या. बंदूक वगैरे नाही, जखमींची गाडी चालवायच्या. लढाईच्या दिवसांत आघाडीपासून इस्पितळापर्यंत आणि इस्पितळापासून परत आघाडीपर्यंत, हेच. प्रत्येक गाडीबरोबर एक सुरी मिळायची. जखमी माणसाचा सुजलेला पाय बुटातून निघत नाही, तेव्हा बूट कापायचा. पट्टा रुतलेला असतो, तो कापायचा. रक्तानं चिकटलेली बाही कापायची. सुरीचं काम ते. लढाई संपल्यावर मावशींनी गाडी परत केली, गणवेश परत केला, घोंगडीसुद्धा घडी घालून परत केली. सुरी तेवढी पिशवीच्या तळाशी राहिली. फौजेनं मागितली नाही आणि मावशींनी दिली नाही.

पुढं त्यांनी सीटांचं दुकान काढलं. गाडीतल्या फाटक्या सीटा शिवून शिवून हात बसला होताच. बसच्या सीटा, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, थिएटरच्या मागच्या रांगेतल्या चावट पोरांनी ब्लेडनं फाडलेल्या खुर्च्या, काय म्हणाल ते. नवरा गरीब स्वभावाचा, दुकानात बसून गिऱ्हाइकांना चहा द्यायचा आणि "बाईसाहेब बघतील" म्हणायचा. तो लवकरच गेला. मग बाईसाहेबच बघत राहिल्या. चिरंजीव शिकले, सवरले, पाणीपुरवठा खात्यात लागले, बिलांच्या विभागाचे प्रमुख झाले, ते सगळं रेग्झिन कापून. आणि रेग्झिन कापलं त्या सुरीनं.

रोज सकाळी दुकान उघडलं की आधी सुरी दगडावर लावायची, मग कुलपाची किल्ली खुंटीला. इतकी वर्षं घासून घासून तिचं पातं आंब्याच्या पानाएवढं पातळ झालं होतं. मुठीला हिरव्या जाड कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. ती घामानं आणि तेलानं काळी पडलेली. त्या पट्टीवर एक गाठ होती, अशी की नख घालायला जागा नाही. संध्याकाळी ती पिशवीतून घरी यायची. सकाळी दुकानात जायच्या आधी मावशी त्याच सुरीनं चिरंजीवांच्या शाळेच्या डब्यासाठी पाव कापायच्या. काप इतका पातळ, की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसावं. चिरंजीवांना तसाच लागायचा. जाड झाला की डबा तसाच परत यायचा. लाड होते, दुसरं काय.

गुडघे बोलायला लागले तेव्हा मावशींनी दुकान बंद केलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. सुरी कायमची घरी स्वयंपाकघरात आली, आणि कांदे-बटाट्यांवर राज्य करू लागली. मावशी सुखात होत्या. सुरीही असावी.

पण एके दिवशी चिरंजीवांचे मोठे साहेब घरी चहाला आले, आणि माशी शिंकली.

साहेबांना हात धुवायचे होते म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले. मावशी ओट्याशी बटाटे चिरत होत्या. साहेब सहज म्हणाले, "केवढी जुनी सुरी आहे हो ही!" मावशी म्हणाल्या, "लढाईतली आहे." झालं. साहेबांचे डोळे हे एवढाले झाले. "युद्धातली? प्रत्यक्ष युद्धातली? आणि तुम्ही तिनं बटाटे चिरता?" त्यांनी चिरंजीवांकडे असं पाहिलं, की जणू बिलांच्या विभागात मोठा घोटाळा सापडला. "अहो, ही तुमच्या घराण्याची ठेव आहे! ही बाहेरच्या खोलीत हवी!"

खरं सांगायचं तर त्या दिवशी मावशीही थोड्या फुगल्या. आजवर त्यांना कुणी फौजेबद्दल विचारलं नव्हतं. साहेबांनी हात जोडले, शेजारीपाजारी दारातून डोकावले, सूनबाईंनी चहात जास्त साखर घातली. कुणाला आवडणार नाही? मावशींनी सुरी धुतली, पुसली आणि आपल्या हातानं चिरंजीवांच्या हातात दिली. पुढं वाद झाला की चिरंजीव हेच काढायचे. "तूच दिलीस ना आई?"

सुतार आला. काचेची पेटी झाली. आत लाल मखमल, वर छोटा दिवा, पुढं पितळी कुलूप. खाली पाटी, "हात लावू नये."

"मीही?" मावशींनी विचारलं.

"आई, नियम म्हणजे नियम. उद्या तू हात लावलास तर परवा कुणीही लावेल."

"अरे, माझी सुरी आहे."

"तुझी होती. आता ती तुझी आठवण आहे."

मावशींनी पेटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आपण अजून आहोत की नाही याची त्यांना जरा शंकाच आली. त्यांनी विचारलंसुद्धा, "अरे, पण मी आहे ना अजून?" चिरंजीव हसले आणि म्हणाले, "आई, तू म्हणजे ना!"

सूनबाईंनी बिचारीनं रंगीत दांड्यांच्या सुऱ्यांचा नवा संच आणून दिला. लाल, पिवळी, जांभळी. दिसायला छान. पण टोमॅटोवर ठेवली की टोमॅटोच दबून बसायचा आणि सुरी वर आरामात. "आई, ह्यांना धार येते का हो कधी?" सूनबाई विचारायच्या. "येईल," मावशी म्हणायच्या, "तुझ्या नातवंडांपर्यंत येईल."

आता पाहुण्यांना नुसती सुरी दाखवून भागत नाही, तिच्यामागं काहीतरी हवं. चिरंजीवांनी आईला विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बूट कापले, पट्टे कापले. पण बुटांची गोष्ट सांगून कुणाचा चहा थंड होतो? चिरंजीवांनी विचारलंच नाही. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की एका शत्रूनं गाडी अडवली, तेव्हा आईनं सुरी उपसली. साहेबांच्या वाढदिवसाला तो शत्रू दोन झाला. मेव्हणे आले तेव्हा तीन. पुढं त्यांना घोडेही मिळाले. मावशी पेटीखालच्या खुर्चीत बसून ऐकायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "अरे, माणसं मोजतोयस की बटाटे?" पाहुणे हसले. चिरंजीव कानाशी येऊन कुजबुजले, "आई, तू फक्त बसत जा ना. तू बोललीस की गोष्टीचा परिणाम जातो." तेव्हापासून मावशी मूग गिळून बसू लागल्या. अंगावर चांगली साडी, केस विंचरलेले, आणि डोक्यावर स्वतःची सुरी, कुलपात.

हे असंच चाललं असतं, पण सलूनवाला आला.

कोपऱ्यावरचा सलूनवाला मावशींच्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. त्याच्या दुकानातली खुर्ची त्याच्या वडिलांची. तिची सीट पहिल्यांदा मावशींनीच चढवली होती, गोल, खाली पायपिंगची गोट, मधे एक सुरकुती नाही. आता ती फाटून स्प्रिंग वर आली होती. गिऱ्हाईक दाढी करून उठलं की आधी मागं हात लावून बघायचं.

"मावशी, नवा माणूस म्हणतो खुर्चीच फेका," तो म्हणाला. "वडिलांची खुर्ची कशी फेकू हो?"

"फेकायला काय झालं? सीट सोडून आण इथं. मी करते."

"तुम्हाला झेपेल?"

"गुडघे गेलेत माझे. हात कुठं गेलेत?"

म्हणाल्या खऱ्या, पण मनात धाकधूक होती. हल्ली सकाळी बोटं आखडायची. मावशींनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं, हातही फार दिवस थांबणार नाहीत. जायच्या आधी एक सीट व्हावी. धड, नीट, आपल्या हातची. एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

सीट आली, रेग्झिन आलं. लाल सुरीनं कापायला घेतलं तर रेग्झिन चुरगाळलं. जांभळीनं फाटलं. सूनबाईंनी शिवणाची कात्री दिली, तिनं कडेला दात पडले. गोल सीटचा काप हात न उचलता एका दमात घ्यावा लागतो. मधे थांबलात की तिथं टोक येतं आणि पायपिंग बसत नाही. मावशींनी तीन वेळा करून पाहिलं आणि रेग्झिन गुंडाळून कोपऱ्यात टाकलं. सलूनवाला बिचारा तोवर गिऱ्हाइकांना उशीवर बसवत होता.

संध्याकाळी चिरंजीव कचेरीतून आले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "सुरी दे रे मला. एका सीटपुरती. काम झालं की धुऊन ठेवीन परत."

चिरंजीव बूट काढता काढता थांबले. त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांनी ऐकलंच नव्हतं. "आई, आज काय ठरलं सांगू? कचेरीच्या नव्या सभागृहात साहेब शौर्य दालन करतायत. आणि त्यात पहिली वस्तू कुठली? तुझी सुरी! कायमची! खाली माझ्या नावाची संगमरवरी पाटी!"

"माझ्या सुरीखाली तुझं नाव?"

"मी देणगी देतोय ना."

"अरे, पण मला सीट करायची आहे."

"आई," चिरंजीवांनी आईचा हात हातात घेतला, आवाज सभेतला लावला, "ती सुरी आता घरची राहिली नाही. ती समाजाची आहे."

"मग समाजाला सांग, सलूनवाल्याची सीट करून दे."

चिरंजीव हसले आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी सुरी पॉलिशला गेली.

पॉलिशला गेली ती ढाल-चषकवाल्याकडे. शाळांच्या स्पर्धा, कचेऱ्यांचे सामने, निरोपसमारंभ, सगळ्यांचे चषक तोच पुरवायचा. त्याच्याकडे चषक आधी तयार असायचे, विजेते मागाहून मिळायचे. सुरी त्याच्याकडून परत आली तेव्हा घरात उजेड पडला म्हणा ना! पातं आरशासारखं, रुंद, भारदस्त. पितळी मूठ, मुठीवर वाघाचं तोंड. चिरंजीव तर वेडे व्हायचे बाकी होते. "बघ आई! आहे की नाही नव्यासारखी?"

मावशी खुर्चीतून मान वर करून बघत होत्या. त्यांचा आवाज बदलला. "मुठीची पट्टी कुठाय?"

"कुठली पट्टी?"

"हिरवी. गाठ मारलेली."

"ती चिंधी? काढली असेल त्यानं. किती घाण झाली होती आई ती!"

मावशी उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. सूनबाईंना वाटलं गुडघा दुखत असेल.

गुडघा नव्हता दुखत. गाडीवर मावशींच्या जोडीला एक पोरगी असायची. उंचीनं इतकी कमी की पुढचं दिसावं म्हणून दोन घोंगड्या घालून बसायची. सगळे तिला बुटकी म्हणायचे, मावशीही. एकदा अडकलेलं दार उचकटताना सुरीची मूठ तडकली. बुटकीनं आपल्या गळ्यातला रुमाल फाडला, पाण्यात भिजवला आणि मुठीवर गुंडाळून गाठ मारली. म्हणाली, "वाळला की आवळतो बघ. तुझ्या हातून सुरी निसटेल, ही गाठ नाही सुटायची." काही दिवसांनी मावशींना ताप भरला. बुटकी एकटीच गाडी घेऊन गेली. ना गाडी आली, ना बुटकी. मावशींना मागाहून दुसरी गाडी मिळाली. आणि सुरी राहिली होती मावशींच्या कोटाच्या खिशात. तिच्याजवळ सुरी असती तर अडकलेला पट्टा कापून सुटली असती का पोरगी? हा प्रश्न मावशींनी आयुष्यात कुणाला विचारला नाही. रोज सकाळी सुरी दगडावर लावताना स्वतःला मात्र विचारला. ती गोष्ट त्यांनी चिरंजीवांना कधी सांगितली नाही, आणि चिरंजीवांनी पट्टी कसली ते कधी विचारलं नाही. आता पट्टीच गेली म्हटल्यावर त्या पलंगावर बसून पोटभर रडल्या.

रडून झाल्यावर त्यांना राग आला. मावशींचा राग वाईट.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. पेटीची किल्ली घड्याळामागं होती. घराघरात किल्ल्या घड्याळामागंच असतात, चोरांनाही ठाऊक आहे. मावशी स्टुलावर चढल्या, गुडघ्यांना शिव्या देत देत. पेटी उघडली, सुरी काढली. आणि हातात घेतल्याक्षणी त्यांचं मनगट खाली गेलं. ही जड होती. पुढं झुकत होती. मुठीतला वाघ तळहाताला टोचत होता. त्यांनी ती रेग्झिनवर ठेवून ओढली. रेग्झिनवर रेघसुद्धा उठली नाही. त्यांनी पात्यावर अंगठा दाबून पाहिला. घासून घासून पानासारखं झालेलं पातं पॉलिश केलं म्हणून रुंद होतं का कधी?

"अगं बाई," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "ही माझी नाहीच!"

सुरी पेटीत, किल्ली घड्याळामागं, आणि मावशी पायात चपला सरकवून कोपऱ्यावर. सलूनवाल्यानं अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच बसवलं आणि मावशींना स्कूटरवर मागं घेतलं. गिऱ्हाईक ओरडत राहिलं.

चषकवाल्याच्या दुकानात भिंतभर ढाली, पंखवाल्या बाहुल्या, नाव घालायचं राहिलेले चषक. तो स्वतः टेबलावर वाकून चषकांच्या खोक्यांसाठी निळं मखमल कापत होता. सर्रकन, एका दमात, हात न उचलता. मावशी दारातच थांबल्या. त्याच्या हातात पानाएवढी पातळ सुरी होती, आणि मुठीला काळपट हिरवी पट्टी.

"ती माझी आहे," मावशी म्हणाल्या.

चषकवाला आधी दचकला, मग ओशाळला. "बिलांच्या साहेबांची आई का तुम्ही? बसा, बसा. त्याचं काय झालं मावशी, साहेब म्हणाले नव्यासारखी दिसली पाहिजे, फोटोत चमकली पाहिजे. मी म्हटलं, ही पॉलिशवर धरली तर हातात काही उरायचं नाही. त्यापेक्षा नवीच करून देऊ का? साहेब फोनवर होते. हातानंच खूण केली, करा, करा. मी केली. वाघ आपल्याकडून भेट."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"बघून म्हणाले, वा, हुबेहूब!"

मावशींना हसू यावं की रडू, कळेना. "आणि जुनी परत का नाही दिलीत?"

"न्यायला कुणी आलंच नाही. टाकवेना. खोटं कशाला बोलू, भलती कापते हो." त्यानं सुरी पुसली, पण द्यायला हात पुढं होईना. "पट्टी तेवढी सोडायला गेलो होतो. दाभण घालून पाहिलं, चिमटा लावला. गाठ काही सुटेना. कुणी मारलीय ही?"

"होती एक बुटकी," मावशी म्हणाल्या, आणि हात पुढं केला.

त्यानं दिली. बोटं आपसूक पट्टीवर बसली, गाठ अंगठ्याखाली आली. मावशींनी डोळे मिटून घेतले. सलूनवाला उगाच एक चषक उचलून त्यावरचं कोरीव काम वाचू लागला.

"साहेबांना सांगू नका बरं का," चषकवाला हळूच म्हणाला.

"तुम्हीही सांगू नका. मी तुम्हाला मखमल कापायची सुरी लावून देईन दगडावर."

अळीमिळी गुपचिळी. त्याच दुपारी मावशींनी सलूनमध्येच बैठक मारली, रेग्झिन पसरलं, तळहाताला थुंकी लावली आणि सुरी फिरवली. एक गोल, एका दमात. बोटं आखडली नाहीत. आखडली असतील तर मावशींना कळलं नाही. सीट चढली, पायपिंग बसलं, मधे एक सुरकुती नाही. सलूनवाल्यानं पहिल्यांदा मावशींनाच खुर्चीत बसवलं आणि आरसा समोर धरला. "बाई, बाई," मावशी म्हणाल्या, "किती म्हातारी दिसते मी! पण सीट बघ."

घरी सूनबाईंनी ओट्यावर सुरी पाहिली. पट्टी पाहिली. मग बाहेरच्या पेटीतल्या वाघाकडे पाहिलं, परत सुरीकडे पाहिलं. पदर तोंडाला लावून त्या जी हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आई, ह्यांना सांगायचं?" मावशींनी नको म्हणून मान हलवली. सूनबाईंनी लाल-पिवळ्या-जांभळ्या सुऱ्या उचलून वरच्या फडताळात टाकल्या.

समारंभ झाला. मावशींना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. सोफ्याचं काम इतकं भिकार होतं की भाषणभर मावशींचं लक्ष कडेच्या टाक्यांवर. वर चिरंजीव बोलत होते, शत्रूंची आता आख्खी तुकडी झाली होती आणि तिला तोफही मिळाली होती. साहेबांनी वाघवाली सुरी दोन्ही हातांनी उंच धरली. टाळ्या. मग कुणीतरी ओरडलं, "मावशींनी दोन शब्द बोलावेत!" चिरंजीवांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ध्वनिक्षेपक मावशींच्या पुढ्यात आला होता.

मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी त्या सुरीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "खरं सांगते, या सुरीनं कुणालाही मारलेलं नाही. हिनं आजवर काहीसुद्धा केलेलं नाही."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छताचं प्लास्टर पडावं. "केवढा हा नम्रपणा!" साहेब रुमालानं डोळे टिपत म्हणाले. चिरंजीवांनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी कचेरीत ते सगळ्यांना सांगत होते, "आईचा स्वभावच असा. स्वतःचं कौतुक कधी करायची नाही."

पेटी गेली, भिंतीवर फिकट चौकोन उरला. रविवारी सकाळी चिरंजीव त्या चौकोनाकडे बघत बघत स्वयंपाकघरात आले आणि टेबलाशी बसले. मावशी पाव कापत होत्या.

"घर कसं रिकामं वाटतंय गं आई," ते म्हणाले, आणि हे मात्र सभेतल्या आवाजात नव्हतं. "तुझी म्हणून एक वस्तू होती घरात. तीही मी देऊन बसलो. उद्या तू नसलीस की आठवण म्हणून काय राहणार माझ्याकडे?"

मावशींचा हात थांबला. पोराचा चेहरा खरंच उतरला होता. एकदा त्यांच्या मनात आलं, सांगावं. मग काचेची पेटी आठवली, कुलूप आठवलं, आणि त्या परत कापू लागल्या.

चिरंजीवांचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. "आणि हे काय घेऊन बसलीयस? चिंधी गुंडाळलेली सुरी! कापेल हात. टाकून दे ती, मी चांगली आणून देतो."

"टाकते हं. एवढा पाव होऊ दे."

मावशींनी एक काप पोराच्या ताटलीत ठेवला. चिरंजीवांनी तो उचलला, सवयीनं खिडकीच्या उजेडाला धरला. पलीकडचा रस्ता दिसत होता.

"शाळेच्या डब्यात असाच द्यायचीस," ते म्हणाले. "इतका पातळ मला परत कधी कुठं मिळाला नाही. कशानं कापायचीस गं तेव्हा?"

सूनबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी नळ सोडला.

"होती एक सुरी," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा काप कापायला घेतला.